काळ्या स्क्रीनची साधना

यूनिक्स कुळातील एखादी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली, समजा फ्रीबीएसडी, आपण संगणकावर बसवली आणि सगळे सुरळीत पार पडले, तर शेवटी काळ्या स्क्रीनवर 'लॉगिन' हा शब्द, त्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबे आणि लुकलुकणारा कर्सर एवढेच उरते. इथून पुढे चित्रमय डेस्कटॉप उभा करायला मोजक्याच आज्ञा लागतात आणि त्या सगळ्या फ्रीबीएसडीच्या हँडबुकात क्रमाने लिहून ठेवलेल्या आहेत. ही गोष्ट चुकून आपल्या कानावर आली असेल, तर ती तातडीने विसरावी. मे महिन्यात परभणीत सकाळी अकरापासून पाचपर्यंत घराबाहेर पाऊल टाकवत नाही. अशा वेळी डेस्कटॉप तासाभरात उभा राहिला, तर उरलेल्या उन्हाळ्याचे करायचे काय, याचा विचार हँडबुक लिहिणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. तो आपल्यालाच करावा लागेल.

सुरुवात वॉलपेपरपासून करावी. या पद्धतीला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूटांच्या काळात, आठव्या शतकात, कळसाकडून पायाकडे कोरत आणले गेले. तेव्हा आपणही ग्राफिक्सची चिप इंटेलची आहे, एएमडीची आहे की एनव्हिडियाची, हे पाहण्याआधी आयकॉन गोल हवेत की चौकोनी आणि खिडक्यांच्या कडा किती पारदर्शक असाव्यात, हे ठरवून मोकळे व्हावे. 'पीसीआयकॉन्फ' नावाची आज्ञा चिपचे नाव क्षणात सांगते, म्हणूनच तिच्या वाटेला जाऊ नये. वेरूळच्या कारागिरांना खाली अखंड खडक आहे याची आधी खात्री होती, हा फरक किरकोळ समजावा.

मग डेस्कटॉपची निवड. केडीई १९९६ साली सुरू झाले, ग्नोम १९९७ साली; ग्नोमची तिसरी आवृत्ती २०११ साली आली आणि ती ज्यांना रुचली नाही, त्यांच्यापैकी काहींनी जुन्या ग्नोमचा वारसा माटे या नावाने पुढे चालवला. एवढा इतिहास पाठ असला की कोणताही डेस्कटॉप प्रत्यक्ष न वापरता त्यावर मत देता येते. जुन्या, चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर एक्सएफसीई निमूटपणे चालते, थोड्या जागेत मावते आणि वापरणाऱ्याला कामाला लावते; त्यामुळे गंभीर साधकाने त्याच्यापासून दूर राहावे. आपण केडीई आणि ग्नोम दोन्ही बसवावेत, आवडीचे एक आणि तुलनेसाठी दुसरे, म्हणजे मेनूत प्रत्येक कामाला दोन-दोन प्रोग्रॅम दिसू लागतात आणि फाइल नेमकी कशात उघडायची, हा निर्णय रोज नव्याने घेता येतो. मात्र घोस्टबीएसडीसारख्या, फ्रीबीएसडीवरच उभारलेल्या आणि पहिल्या बूटपासून डेस्कटॉपसह येणाऱ्या प्रणालीचे नावही काढू नये. तयार स्वयंपाकाच्या डब्याला बोट लावायचे नाही, हे व्रत एकदा घेतले की घेतले.

याच टप्प्यावर एक्स आणि वेलँड या स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या दोन व्यवस्थांचा वाद उकरून काढणे श्रेयस्कर ठरते. एक्स विंडो सिस्टिमचा जन्म एमआयटीत १९८४ साली झाला, तिची अकरावी आवृत्ती १९८७ साली आली आणि आज आपण जिला एक्स म्हणतो ती अजून त्याच अकराव्या आवृत्तीच्या घरातली आहे. वेलँडचे काम २००८ साली सुरू झाले. एक्सच्या जगात 'सर्व्हर' म्हणजे आपल्या समोरची स्क्रीन, कळफलक आणि माउस सांभाळणारा प्रोग्रॅम, आणि 'क्लायंट' म्हणजे खिडकी मागणारा प्रोग्रॅम, मग तो दूरच्या एखाद्या भल्यामोठ्या यंत्रावर का चालत असेना. हे पाहुण्यांना जेवणाच्या ताटावर समजावून सांगावे. त्यांना पटत नाही, आपल्याला मात्र वाद जिंकल्याचे समाधान मिळते, आणि तेवढा वेळ लॅपटॉप बंदच राहतो.

आता मार्गदर्शन. ते नेहमी जुने घ्यावे, जितके जुने तितके उत्तम. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या एखाद्या लेखात 'एचएएल' नावाची, जोडलेली उपकरणे ओळखणारी सेवा सुरू करा असे सांगितलेले असते; एक्स-ऑर्ग या एक्सच्या प्रचलित सर्व्हरला तिची गरज कधीच संपली, तरी आपण ती शोधत बसावे. 'एक्स-ऑर्ग डॉट कॉन्फ' ही फाइल आज बहुतेक यंत्रांना लागतच नाही, कारण स्क्रीन आणि कळफलक प्रणाली स्वतः ओळखते. म्हणून ती हाताने लिहावी, आणि तीही दुसऱ्या कुणाच्या काचेच्या नळीच्या मॉनिटरसाठी लिहिलेली, आडव्या-उभ्या वारंवारतेच्या आकड्यांसकट उतरवून घ्यावी. ग्राफिक्सचे कर्नल मॉड्यूल, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला (कर्नलला) जोडायचा चिपचा भाग, 'आरसी डॉट कॉन्फ' या सेटिंगांच्या फाइलीतील 'केएलडी_लिस्ट' या ओळीत लिहावे, इंटेलसाठी 'आय९१५केएमएस' आणि एएमडीसाठी 'एएमडीजीपीयू', असे पॅकेज बसवताना सोबतच्या सूचनेत स्पष्ट छापून येते. ती सूचना स्क्रीनवरून सरकून जाईपर्यंत चहा करायला उठावे. परत आल्यावर तेच मॉड्यूल 'लोडर डॉट कॉन्फ'मध्ये घालावे, म्हणजे कर्नल पुरता जागा होण्याआधीच ते लादले जाते आणि यंत्र बूट होतानाच गोठण्याची चांगली संधी निर्माण होते.

'आरसी डॉट कॉन्फ'विषयी थोडे सविस्तर सांगितलेच पाहिजे, कारण साधनेतील खरा आनंद या एका फाइलीत आहे. ही दिसायला साधी यादी दिसते: डी-बस (प्रोग्रॅमांमधला निरोप्या) सुरू, एसडीडीएम (लॉगिनची खिडकी) सुरू, केएलडी_लिस्टमध्ये अमुक. प्रत्यक्षात ती शेलची, म्हणजे आज्ञा वाचून पाळणाऱ्या प्रोग्रॅमची, स्क्रिप्ट आहे, आणि प्रत्येक मूल्य दुहेरी अवतरणचिन्हांत असते. 'सिसआरसी' ही आज्ञा हे बदल स्वतः करते आणि चिन्हे बिनचूक घालते, म्हणून तिला हात लावू नये. फाइल एडिटरमध्ये उघडावी, रात्री साडेअकराला उघडावी, आणि 'येस'नंतरचे शेवटचे अवतरणचिन्ह विसरावे. पुढच्या बूटला ओळीच्या क्रमांकासह 'अवतरण बंद केलेले नाही' अशा अर्थाची इंग्रजी तक्रार उमटते आणि यंत्र एकवापरकर्ता स्थितीत थांबून शेलचा पूर्ण मार्ग विचारते. तिथे नुसते एंटर दाबले की शेल मिळतो, हे तिथेच लिहिलेले असते. शेल मिळाला तरी फाइल सुधारून जतन करता येत नाही, कारण मूळ फाइलप्रणाली केवळ वाचनासाठी जोडलेली असते आणि ती आधी लिहिण्यासाठी पुन्हा माउंट करावी लागते. हे ठाऊक नसलेला माणूस एका चिन्हासाठी सगळी प्रणाली पुन्हा बसवतो. आपण तेच करावे. सकाळी शेजारचे काका खिडकीतून विचारतात, "काय करायलेत ओ सर रात्रभर?" तेव्हा 'एक अवतरणचिन्ह शोधत होतो' असे सांगू नये, 'सर्व्हरचे काम होते' असे सांगावे.

सॉफ्टवेअर कसे बसवावे, यातही रसिकतेला वाव आहे. 'पीकेजी इन्स्टॉल' ही आज्ञा तयार पॅकेजे उतरवून घेते. मोबाइलचे इंटरनेट यूएसबीच्या वायरीने जोडले तरी फ्रीबीएसडी ते बहुधा ओळखते आणि काम होते. रोजच्या दीड जीबीच्या रिचार्जवर एक्सएफसीई दोन रात्रींत येऊन जाईल. त्याऐवजी 'पोर्ट्स' या संग्रहातून सगळे स्वतःच्या यंत्रावर कंपाइल करणे, म्हणजे मूळ कोडपासून बांधणे, पुरुषार्थाचे मानावे. केडीईच्या मागे क्यूटी ही खिडक्या-बटणांची लायब्ररी येते, क्यूटीच्या मागे वेबइंजिन येते आणि वेबइंजिन म्हणजे अख्ख्या ब्राउझरचे पोट असते; जुन्या लॅपटॉपवर ते कंपाइल होताना पंखा असा काही ओरडतो की घरातले माणूस दार उघडून पाहते. हा उद्योग बेचाळीस अंशांच्या दुपारी, पत्र्याच्या छताखाली आणि इन्व्हर्टरची बॅटरी थकलेली असताना आरंभावा. वीज जाणार हे गृहीतच धरावे, फक्त ती शेवटच्या टप्प्यात जाईल अशी आशा ठेवावी. एवढ्यानेही पुरेशी करमणूक झाली नाही, तर निम्मी पॅकेजे तयार घ्यावीत आणि निम्मी कंपाइल करावीत, त्यातही तयार पॅकेजे तिमाही शाखेतील आणि पोर्ट्स अगदी ताजे, म्हणजे लायब्ररींच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळत नाहीत आणि प्रत्येक प्रोग्रॅम दुसऱ्याकडे बोट दाखवतो. लातूरच्या विद्यार्थ्याला जुन्या प्रश्नपत्रिका पुनःपुन्हा सोडवण्याची सवय असते. इथे मात्र प्रश्नपत्रिका आपणच दर वेळी बदलत राहायची.

वापरकर्त्याचे नाव 'व्हिडिओ' या गटात घालावे लागते, नाहीतर ग्राफिक्सच्या उपकरणाला हात लावायची त्याला परवानगी मिळत नाही. ही एका ओळीची आज्ञा टाळून थेट 'रूट', म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून डेस्कटॉप चालवावा आणि ब्राउझरही त्याच अधिकाराने उघडावा. अडचण सुटते, आणि जी नवी उद्भवते ती पुढच्या आठवड्याची.

लॉगिनची खिडकी न बसवता 'स्टार्टएक्स' म्हणणाऱ्यांसाठी एक खास युक्ती आहे. घरच्या डिरेक्टरीत 'डॉट एक्सइनिटआरसी' नावाची फाइल असते आणि तिच्या शेवटच्या ओळीत डेस्कटॉप सुरू करणारी आज्ञा 'एक्झेक' या शब्दानंतर लिहायची असते. 'एक्झेक' गाळावा आणि ओळीच्या शेवटी अँपरसँडचे चिन्ह टाकावे. मग डेस्कटॉप पार्श्वभूमीत जातो, फाइल वाचून संपते, आणि फाइल संपली म्हणजे काम संपले असे समजून एक्स स्वतःच बंद होतो. स्क्रीन एकदा चमकते, राखाडी होते आणि पुन्हा काळी. पाहणाऱ्याला वाटते की ग्राफिक्स कार्ड जळाले. हा समज दूर करू नये. एका चिन्हाच्या चुकीपायी नवे कार्ड आणायला छत्रपती संभाजीनगरपर्यंत जाऊन आलेल्या माणसाला आपल्या यंत्राविषयी एरवी न येणारी आपुलकी वाटू लागते.

आणि स्क्रीन काळीच राहिली तर? पॉवरचे बटण दाबून धरावे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-१ एकत्र दाबले की बहुतेक वेळा मजकुराचा कन्सोल परत मिळतो, तिथे लॉगिन करून एक्स-ऑर्गची लॉग फाइल उघडता येते, आणि तिच्या शेकडो ओळींत ज्यांच्या आरंभी कंसात दोन 'ई' असतात तेवढ्या वाचल्या की दोष बहुधा नावानिशी सापडतो: मॉड्यूल लोड झालेले नाही, उपकरण उघडता आले नाही, एकही स्क्रीन सापडली नाही. या फाइलीची सवय लागली की साधना संपते. म्हणून ती वाचण्याऐवजी तिचा मोबाइलवर तिरका फोटो काढावा, त्यात ट्यूबलाइटचा प्रकाश नेमका त्याच ओळींवर पडेल याची काळजी घ्यावी, आणि फोटोखाली "चालत नाही, मदत करा" एवढेच लिहून ओळखीच्या सगळ्या अभियंत्यांना पाठवावा.

समजा, इतके करूनही डेस्कटॉप उभा राहिलाच, तरी खचून जाऊ नये, कारण मराठी अजून बाकी आहे. देवनागरीचा फाँट बसवला नसेल तर प्रत्येक अक्षराच्या जागी चौकोनी डबा दिसतो. नोटोचा देवनागरी फाँट बसवून हा प्रश्न मिटवणे फार सोपे असल्याने आधी भाषांची सेटिंगे, लोकेल आणि ब्राउझर बदलून पाहावेत. कळफलकाच्या भारतीय मांडणीत मराठीचे प्रकार आधीच दिलेले असतात आणि 'सेटएक्सकेबीमॅप' या आज्ञेने ते सुरू होतात, तरी मजकूर मोबाइलवर टाइप करून स्वतःलाच पाठवत राहावे. फाँट आला तरी त्यात मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' आहेत का, 'दुसऱ्या'मधला अर्धा 'ऱ' नीट बसतो का, हे पाहण्यासारखे असते आणि इथे मात्र माझी थट्टा जरा आवरते, कारण हे तपासणारे लोक थोडे आहेत आणि त्यांच्यामुळेच आपल्याला आज यूनिक्सवर मराठी नीट वाचता येते. असो. कार्यालयातून आलेली, युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटातली फाइल उघडली की रोमन अक्षरांचा चिवडा दिसणार. त्याचा दोषही बिनदिक्कत फ्रीबीएसडीवर ढकलावा.

शेवटची पायरी अपग्रेडची. सगळे नीट चालू लागले की त्याच संध्याकाळी 'पीकेजी अपग्रेड' द्यावे आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला न वाचता होकार द्यावा. ग्राफिक्सचे मॉड्यूल ज्या कर्नलसाठी बांधले त्याच कर्नलशी जुळते. दोघांची आवृत्ती पुढेमागे झाली की बूट अर्ध्यावर येऊन थांबते. डिस्कवर झेडएफएस ही फाइलप्रणाली असेल तर आधी 'बीईसीटीएल क्रिएट' म्हणून चालत्या प्रणालीची प्रत राखून ठेवता येते आणि अपघात झाल्यास बूट मेनूतून तीच निवडून मागे जाता येते, तेही काही सेकंदांत. एवढी सोय ज्याला नको, त्याने ती आज्ञा देऊ नये. मुहूर्त म्हणून लेकीच्या प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज भरण्याची शेवटची संध्याकाळ निवडावी. अर्जाची मुदत रात्री बारापर्यंत असते आणि गावातले महा ई-सेवा केंद्र साडेआठलाच शटर ओढते, एवढे मात्र घरात आधी कुणाला सांगू नये.