नारळ आधी, तरतूद मागाहून

जत-आटपाडीकडच्या एखाद्या वाडीला रस्ता द्यायचं तुम्ही मनावर घेतलं असेल, तर तिजोरीकडे बघू नका. तिथं बघून कुणी निवडून येत नाही. नारळ आणा, शेंडीसकट, फोटोत शोभतो.

घोषणेवर मर्यादा घालणारं कलम राज्यघटनेत नाही. मर्यादा आहे ती वसुलीवर. कलम 276 नुसार व्यवसाय कर माणशी वर्षाला 2500 रुपयांच्या वर घेता येत नाही, म्हणून तासगावच्या मास्तरांचे अकरा महिने 200 आणि फेब्रुवारीत 300 कापतात. हा आकडा 1988 सालचा. तेव्हापासून सगळं महागलं, हा एकटा व्रतस्थ राहिला. जीएसटीचा दर एकट्या राज्याला हलवता येत नाही. केंद्र आणि राज्यांच्या जीएसटी परिषदेत तीन चतुर्थांश मतं लागतात, त्यातली एक तृतीयांश केंद्राच्या खिशात. पेट्रोलवर कर वाढवाल, तर मिरजेची गाडी म्हैसाळ ओलांडून कागवाडला टाकी भरून येईल.

मग कर्ज काढा. पण केंद्राचं जुनं देणं डोक्यावर असेल तर कलम 293 प्रमाणे केंद्राची संमती लागते. केरळ यावरून सुप्रीम कोर्टात गेलं. 2024 मध्ये प्रकरण पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे सोपवलं गेलं. तुमची निवडणूक तेवढी थांबणार आहे का? त्यापेक्षा महामंडळाच्या नावानं उचल करा आणि शासनाची हमी द्या. कृष्णा खोरे महामंडळाच्या रोख्यांमुळे ही वाट आपल्या भागाला चांगली ठाऊक आहे. (हल्ली केंद्र असली उधारीही राज्याच्याच मर्यादेत मोजतं. रसिकता उरली नाही.)

खरी कला पुरवणी मागण्यांत. मूळ अर्थसंकल्पात रस्ता नसला तरी वर्षाच्या मध्येच जादा खर्च मागू देणारं कलम 205 आहे. 'नवीन बाब' म्हणून 1000 रुपयांची लाक्षणिक तरतूद टाका. हजारात मैलाचा दगडही रंगत नाही, पण काम 'अर्थसंकल्पित' होतं. मग प्रशासकीय मान्यता, निविदा, नारळ. एका तरतुदीवर किती कामं लादायची हे तुमच्या हिंमतीवर आहे.

बिघाड नेमका पुढं होतो. ठेकेदार खडी पसरतो, बिल लावतो आणि 'बीम्स'वर, म्हणजे सरकारच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर, निधीच दिसत नाही. डांबर उधारीवर मिळत नाही. 31 मार्चला कोषागारात रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात; तुमच्या वाट्याला बिलाचे आले तर दहा-वीस टक्के येतात. तोवर वळीव पडतो आणि खडी शेजारच्या द्राक्षबागेत जाते.

घाबरू नका. रस्ता 5054 या लेखाशीर्षाखाली, म्हणजे नव्या बांधकामाच्या खात्यात, मंजूर होता. दोन वर्षांनी तोच 3054 या देखभालीच्या खात्याखाली दुरुस्तीला धरा. नारळ तेवढा नवा आणा.