लाराच्या ४०० मुळे मॅच हुकली म्हणणाऱ्यांनी एकदा स्कोरकार्ड उघडून बघा

ब्रायन लाराचा विषय निघाला की एक मेसेज हमखास फॉरवर्ड होतो. त्याचा सारांश असा: इंग्लंडविरुद्धचे त्याचे नाबाद ४००, म्हणजे टेस्टमधला सर्वोच्च वैयक्तिक स्कोर, ही टेस्टमधली सगळ्यात स्वार्थी इनिंग, स्लो खेळला, पिच पाटा (बॅटिंगला सोपं) होतं, स्वतःच कॅप्टन म्हणून थांबवणारं कोणी नव्हतं, आणि रेकॉर्डच्या नादात वेस्ट इंडीजची हातातली मॅच ड्रॉ झाली. २०२५ मध्ये साउथ आफ्रिकेच्या वियान मल्डरने ३६७ वर नाबाद असताना डिक्लेअर केलं (टीमचा डाव स्वतःहून थांबवला) तेव्हापासून तर याला जास्तच जोर आलाय. मला हे वाचून खरंच वाईट वाटतं, कारण यातला मुख्य आरोप स्कोरकार्डसमोर टिकतच नाही.

स्लोचा मुद्दा पटकन संपवू. ४०० रन्स, ५८२ बॉल, म्हणजे स्ट्राइक रेट ६८ च्या वर. इंग्लंडच्या गूचने १९९० मध्ये लॉर्ड्सवर भारताविरुद्ध ३३३ केले ते ४८५ बॉलमध्ये, स्पीड जवळपास तोच, त्याला कोणी स्लो म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. त्यांच्याच हटनने १९३८ मध्ये ३६४ ला ८४७ बॉल घेतले होते.

आता खरा मुद्दा, वेळेचा. एप्रिल २००४, अँटिग्वा, सिरीजची चौथी टेस्ट. दुसऱ्या दिवसाच्या शेवटी वेस्ट इंडीज ५९५/५, लारा ३१३ वर नाबाद. तिथेच डिक्लेअर करायला हवं होतं असं म्हणतात ना, ठीक आहे, केलं असं धरू. प्रत्यक्षात लाराने तिसऱ्या दिवशी लंचनंतर थोड्याच वेळात ७५१/५ वर डिक्लेअर केलं, म्हणजे वाचला असता एक सेशन आणि वर थोडा वेळ, अगदी सढळ हाताने ४० ओव्हर्स धरा. इंग्लंड पहिल्यांदा २८५ ला ऑलआउट झालं, फॉलोऑन मिळाला, म्हणजे लगेच परत बॅटिंगला यावं लागलं, आणि दुसऱ्या इनिंगमध्ये १३७ ओव्हर्स खेळून ४२२/५. सदतीस नाही, एकशे सदतीस ओव्हर्समध्ये पाच विकेट! म्हणजे एका विकेटला सत्तावीसेक ओव्हर्स लागत होत्या. त्या हिशोबाने ४० ओव्हर्स जादा मिळाल्या असत्या तर अजून एखाद-दुसरी विकेट पडली असती, लागत होत्या पाच.

आणि एक गोष्ट या मेसेजमध्ये कधीच नसते. त्या सकाळी वाढलेले १५६ रन्स काढून टाकले तर लीड ४६६ ऐवजी ३१० होते. मग त्याच ४२२ वर इंग्लंड ११२ ने पुढे गेलं असतं, म्हणजे शेवटच्या दिवशी वेस्ट इंडीजला परत बॅटिंगला यावं लागलं असतं आणि वाचवलेला वेळ तिथेच गेला असता. खरी मॅच संपली तेव्हा इंग्लंड अजून ४४ ने मागेच होतं, ते याच रन्समुळे.

पाटा पिच? होतं, मान्य. पण बॉलिंग बघा. हार्मिसन, हॉगार्ड, फ्लिंटॉफ, सायमन जोन्स, हेच चौघं पुढच्या वर्षी अ‍ॅशेस जिंकून देणार होते. याच सिरीजच्या पहिल्या टेस्टमध्ये हार्मिसनने १२ रन्समध्ये ७ विकेट काढून वेस्ट इंडीजला ४७ वर गुंडाळलं होतं. आणि पाटा पिच म्हणून आपोआप ४०० होत असते तर त्याच पिचवर इंग्लंडची पहिली इनिंग २८५ मध्ये संपली नसती, त्यातही फ्लिंटॉफचे नाबाद १०२ होते.

स्वार्थी म्हणताना तर लोक सिरीजच विसरतात. वेस्ट इंडीज ०-३ ने मागे, घरच्या मैदानावर व्हाइटवॉश समोर दिसतोय, आणि कॅप्टनचे आधीच्या सहा इनिंगचे रन्स २३, ०, ०, ८, ३६, ३३, मिळून १००. त्या माणसाने उभं राहून ७७८ मिनिटं बॅटिंग केली आणि चौथी हार टाळली. याहून जास्त टीमसाठी काय करायचं असतं? ३७४ वर असताना इंग्लंडचा स्पिनर बॅटीला पुढे येऊन सिक्स मारला, ऑस्ट्रेलियाच्या हेडनच्या ३८० या तेव्हाच्या रेकॉर्डची बरोबरी, पुढच्याच बॉलला स्वीप करून फोर, ३८४. रेकॉर्डच्या तोंडाशी येऊन एकेक रन चोरत बसलेला माणूस असा खेळत नाही हो.

मल्डरचं म्हणाल तर त्याचा निर्णय त्याचा, रेकॉर्ड लाराकडेच राहावं असं तो स्वतः म्हणाला, त्यात मोठेपणा आहेच. पण त्याने दुसऱ्याच दिवशी लंचला डिक्लेअर केलं आणि मॅच तिसऱ्या दिवशी संपली, झिम्बाब्वेविरुद्ध वेळ ही अडचणच नव्हती, तो अजून तासभर खेळला असता तरी निकाल तोच लागला असता. नंतर लाराने आपल्याला रेकॉर्डसाठी जायला हवं होतंस असं सांगितल्याचंही मल्डरनेच सांगितलंय. आणि डिक्लेअर केलं की मॅच जिंकतातच असं असेल तर ऑस्ट्रेलियाच्या मार्क टेलरचं काय? १९९८ मध्ये पेशावरला ब्रॅडमनच्या ३३४ ची बरोबरी करून त्याने रात्रीतूनच डिक्लेअर केलं, पाकिस्तानने ५८०/९ केले आणि मॅच ड्रॉ. उलट हेडनचे ३८०, श्रीलंकेच्या जयवर्धनेचे ३७४, दोन्ही मॅच डावाने जिंकल्या, कारण समोरच्या टीमचे वीस गडी बाद करणारे बॉलर होते.

लाराकडे तेच नव्हते. अँटिग्वाच्या त्या टीममध्ये बेस्ट, कॉलिन्स, कॉलीमोर, एडवर्ड्स असे चार फास्ट बॉलर आणि स्पेशालिस्ट स्पिनर एकही नाही, स्पिन टाकायला गेल, सरवान आणि रायन हाइंड्स. पाटा पिचवर चौथ्या-पाचव्या दिवशी फॉलोऑन दिलेल्या टीमला बाद करायचं आणि स्पिनर बाहेर, हा टीम सिलेक्शनचा प्रश्न आहे आणि कॅप्टन म्हणून लारालाही तो जरूर विचारा, पण त्याचं खापर ४०० रन्सवर फोडू नका.