चालू इंजिनाची कॉइल उपसून मिसिंग शोधू नका

तासगावच्या दाजींनी परवा तो मेसेज घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "रविवारी करून बघतो." म्हणून हे लिहितोय. सांगली-मिरजेकडच्या कितीतरी ग्रुपांवर तो फिरतोय. मजकूर असा: गाडी मिसिंग मारत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसल्याने धक्के बसत असतील, तर मिस्त्रीकडे जाऊ नका. इंजिन चालू ठेवून एकेक प्लगची वायर उपसा, टाकीत अर्धा लिटर थिनर ओता, बॅटरीचं टर्मिनल काढून चेक इंजिनचा दिवा घालवा. तरीही धक्के बसत असतील तर दोष इथेनॉलच्या पेट्रोलचा.

यातला पहिला सल्ला सगळ्यात घातक आहे. वायर काढल्यावर इंजिनाचा आवाज बदलला नाही तर तोच सिलिंडर मेलेला, असा त्यामागचा हिशोब. कार्बोरेटरवाल्या जुन्या मारुती ८०० वर मिस्त्री हे करायचे आणि सिलिंडर सापडायचाही, हे मान्य. पण आजच्या बहुतेक लहान गाड्यांत ती वायरच उरलेली नाही. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल, म्हणजे स्पार्कसाठी जास्त व्होल्ट तयार करणारा भाग, बसलेली असते. चालू इंजिनात ती वर ओढली की वीस हजारांहून जास्त व्होल्टचा स्पार्क मिळेल तिथे उडी मारतो, कधी इंजिनाच्या धातूवर, कधी तुमच्या बोटांवर. कॉइल त्यातच जळू शकते.

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. स्पार्क बंद झाला तरी सिलिंडरला पेट्रोल देणारा इंजेक्टर ते मारतच राहू शकतो. ते न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. तिथलं तापमान फारच वाढलं की आतली जाळी वितळू शकते, आणि नवा कन्व्हर्टर कॉइलच्या कितीतरी पट महाग पडतो. बहुतेक गाड्यांत चेक इंजिनचा दिवा नुसता लागण्याऐवजी मिचकावायला लागतो तो याच धोक्यासाठी. दिवा मिचकावत असेल तर गाडी रेटू नका, बाजूला घ्या. त्यात आपल्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत गाड्या फडाच्या कडेला पाचटावर उभ्या असतात. तापलेल्या कन्व्हर्टरखाली पाचट पेटायला वेळ लागत नाही. हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.

सिलिंडर शोधायचा तर गाडी स्वतःच सांगते. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावा, तो गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड दाखवतो. मोबाईलला जोडायचा साधा स्कॅनर हजाराच्या आत मिळतो. कोडचे अर्थ आयएसओ १५०३१-६ या आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेले आहेत, कंपनी कुठलीही असो: पी०३०१ म्हणजे एक नंबरचा सिलिंडर मिस होतोय, पी०३०२ म्हणजे दोन नंबरचा. पी०३०० म्हणजे एकाहून जास्त किंवा कधी हा, कधी तो.

समजा पी०३०२ आला. इंजिन बंद करून गार होऊ द्या, चावी काढा आणि दोन नंबरची कॉइल एक नंबरवर, एकची दोनवर लावा. कोड पुसून गाडी चालवा. आता पी०३०१ आला तर कॉइल गेली. कोड दोनवरच राहिला तर तसंच प्लगचं करा. प्लग बदलूनही कोड हलला नाही तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासायचं, आणि ते मात्र मिस्त्रीचंच काम. कॉइल काढाल तेव्हा प्लगच्या खड्ड्यात डोकवा. वॉशिंग सेंटरवर प्रेशरने इंजिन धुतल्यावर पाणी तिथेच साचतं. सीएनजीवर मिसिंग आणि पेट्रोलवर ठीक असेल, तरी आधी प्लग आणि कॉइलच बघा. गॅस पेटवायला स्पार्क जास्त जोराचा लागतो, त्यामुळे कमजोर कॉइल तिथे आधी उघडी पडते.

थिनरबद्दल एवढंच: त्यातली रसायनं पंपाची सीलं आणि रबरी नळ्या खातात. मेलेली कॉइल त्याने जिवंत होत नाही.

टर्मिनल काढलं की दिवा जातो, बिघाड तिथेच राहतो. वर कोड पुसला जातो, मग मिस्त्रीने शोधायचं कशावरून?

इथेनॉलचा मुद्दा अर्धा खरा आहे, नाइलाजाने कबूल करतो. इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली किंवा टाकीत पाणी शिरलं, तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतं, पंप नेमकं तेच उचलतो आणि इंजिन सगळ्याच सिलिंडरवर धडपडतं. जुन्या गाड्यांच्या रबरी भागांची काळजीही रास्त आहे. पण मिसिंग एकाच सिलिंडरवर असेल तर पेट्रोलला दोष देता येत नाही, कारण तेच पेट्रोल बाकीच्या सिलिंडरांनाही जातंय. सगळेच मिस होत असतील तर मिस्त्रीकडून टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून घ्या आणि तासभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून धुवावी लागेल.