मोरजीला पक्षी दिसले नाहीत, असं का झालं

गोव्यातल्या मोरजीच्या किनाऱ्यावरच्या पक्ष्यांबद्दलच्या लेखावर तुमचं म्हणणं असं, की कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सावंतवाडीहून निघून सकाळी साडेसहाला शापोरा नदीच्या मुखाशी पोचलात, तर लांब चार ठिपके आणि कुत्री एवढंच दिसलं. तेव्हा लेखातलं 'शेकडो पक्षी' हे वर्णन फुगवलेलं आहे. शिवाय पक्ष्यांपासून अंतर राखण्याचा आग्रह फोटो काढणाऱ्यांवर अन्याय करतो.

पहिल्या मुद्द्याचं उत्तर तुमच्या तारखेतच आहे. किनाऱ्यावरचे पक्षी घड्याळ पाळत नाहीत, भरती पाळतात. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची वेळ मिळते. मोरजीकडे ती सुमारे पाऊण-एक तास आधी धरायची. म्हणजे कृष्ण प्रतिपदेला मुंबईत पाऊण वाजता, तर मोरजीला पूर्ण भरती बाराच्या थोडी आत. तुम्ही पोचलात तेव्हा ओहोटी नुकतीच संपली होती. त्यातून उधाणाचे दिवस, त्यामुळे वाळू आणि चिखल सगळ्यात जास्त उघडा. पक्षी होतेच, पण नदीत आतपर्यंत चरायला पांगलेले. नऊच्या सुमारास पाणी बरंच चढत आलं की तेच पक्षी मागे सरत वाळूच्या दांड्यावर गोळा होतात. भरतीआधीचे दोन-तीन तास असं लेखात म्हटलं आहे ते यासाठी.

साडेसहालाच जायचं असेल तर द्वादशी किंवा त्रयोदशी निवडा. त्रयोदशीला भरती साधारण नवाच्या सुमारास, ऊन कोवळं, सूर्य पाठीशी. दहानंतर तापलेल्या वाळूवरची हवा थरथरते आणि दुर्बीण कितीही चांगली असली तरी चोच वितळल्यासारखी दिसते. तेव्हा स्कोप (तिपाईवरची एकनळी दुर्बीण) ६० पटींवर नेऊन उपयोग नाही, २५-३० वर ठेवा. अष्टमी-नवमीला, भांगाच्या (कमी चढउताराच्या) भरतीत, पाणी दांड्यापर्यंत नीट चढतच नाही आणि थवा जमत नाही. गोव्याच्या मुरगाव बंदरात उधाणातही चढउतार जेमतेम दोन मीटरचा, मुंबईत चारच्या पुढे. त्यामुळे मुंबईचा अनुभव इथे जसाच्या तसा लावू नका. नेमक्या वेळेसाठी मुरगावचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा.

'कुरव (गल) एकही नाही' ही तुमची तक्रार ऑक्टोबरच्या सुरुवातीला रास्तच, पण ते मोठ्या संख्येने येतात ते महिनाअखेरीपासून पुढे. या दिवसांत बघायचे ते सँड प्लोव्हर, किनाऱ्यावर चरणारे छोटे स्थलांतरित पक्षी. प्रौढ पक्षी ऑगस्टपासूनच येतात, काहींच्या छातीवर विणीच्या तांबूस पट्ट्याचा अंश राहिलेला असतो. त्या वर्षीची पिल्लं मागाहून. लडाख-तिबेटच्या पठारावर अंड्यातून निघालेला, मुठीएवढा पक्षी हिमालय ओलांडून मोरजीच्या वाळूत किडे टिपतो आहे, हे ठाऊक असलं की त्या ठिपक्यांकडे बघायची नजरच बदलते.

ओळखताना आधी मान बघा. मागून पांढरी कॉलर पूर्ण असेल तर त्यांच्यासारखाच दिसणारा केंटिश प्लोव्हर, नसेल तर सँड प्लोव्हर. मग चोच: ती मनातल्या मनात उलटी करून डोक्यावर ठेवा. डोळ्याच्या मागच्या कडेच्याही पलीकडे गेली तर ग्रेटर सँड प्लोव्हर, अलीकडेच संपली तर लेसर सँड प्लोव्हर. ग्रेटरचे पाय लांब आणि फिकट हिरवट असतात, पण चिखलाने माखले की रंगावर विसंबू नये.

आता अंतर. हा आग्रह सोडणार नाही. भरतीचे ते तास पक्ष्याच्या विश्रांतीचे. एका पायावर उभा थवा दुसरा पाय टेकतो, माना ताठ होतात, सगळे एका दिशेला चालू लागतात, तिथेच थांबा. आणखी दहा पावलं टाकलीत तर ते उडतील आणि लांबच्या प्रवासात झिजलेली चरबी भरून काढायची सोडून तीच पुन्हा जाळतील. फोटोसाठी उलटा मार्ग आहे: पाणी चढण्याआधीच दांड्यापासून दूर, कोरड्या वाळूवर जाऊन बसा, हालचाल करू नका. पाणीच त्यांना तुमच्याकडे आणतं. भरती उतरेपर्यंत उठायचं नाही, एवढी तयारी मात्र हवी.