‘जरा मन दुखलं की थेरपी’: या आरोपात किती तथ्य?

आजची मुलं नाजूक आहेत, मोबाइल पाहून स्वतःला आजार चिकटवतात, व्हिडिओ कॉलवरच्या गप्पांना उपचार म्हणतात आणि बरं वाटलं की सगळं सोडून देतात, असा मजकूर सध्या जोरात फिरतो आहे.

आधी नाजूकपणाचं पाहू. मानसिक आजारांपैकी साधारण निम्मे वयाच्या १४व्या वर्षापर्यंत आणि पाऊण भाग २४व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. आधीच्या पिढ्यांनाही ते याच वयात जडले. फक्त डोकेदुखी, अपचन, निद्रानाश अशा नावांनी वर्षानुवर्षं दवाखान्यांत फिरले. आजचा तरुण पहिल्याच भेटीत ‘कशातच मन लागत नाही’ असं सांगतो. यात डॉक्टरांचा आणि त्याचाही वेळ वाचतो.

स्वतः निदान करण्याच्या आरोपात मात्र तथ्य आहे. लक्ष लागत नाही म्हणजे एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार), असं होत नाही. लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून असावी लागतात आणि घर, अभ्यास, काम यांपैकी किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. अपुरी झोप, चिंता आणि थायरॉइडचा बिघाडही हुबेहूब तसाच भासतो. पण तरुण जे घेऊन येतात त्यात पुष्कळदा पीएचक्यू-९ सारखी नैराश्य जोखणारी प्रश्नावली असते, आणि ती उपयोगाची आहे. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली तर सविस्तर तपासणी हवी. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे; तिथे शून्याखेरीज काहीही असेल तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी बोलायचं. हा आकडा म्हणजे निदान नव्हे. रक्तक्षय आणि थायरॉइड तपासावं लागतं, पूर्वी कधी अतिउत्साहाचा काळ येऊन गेला का हेही विचारावं लागतं, कारण बायपोलर आजारात (नैराश्य आणि अतिउत्साह आलटून-पालटून येतात तो) नुसतं नैराश्याचं औषध उन्माद ओढवू शकतं. कागद हसून बाजूला सारणाऱ्या डॉक्टरांचं आमच्या मते चुकतंच. तीच प्रश्नावली दर काही आठवड्यांनी भरून घेतली, तर उपचार लागू पडतो आहे की नाही ते कळतं: गुण निम्म्यावर आले तर चांगला प्रतिसाद, पाचाच्या खाली गेले तर आजार ओसरला.

नैराश्य आणि चिंतेसाठी व्हिडिओवरची सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी) समोरासमोरच्या थेरपीच्या जवळपास तोडीस तोड ठरली आहे. बिघडतं ते तयारीअभावी. सुरुवातीलाच रुग्ण आत्ता नेमका कुठे आहे तो पत्ता, जवळच्या माणसाचा नंबर आणि कॉल तुटला तर काय करायचं हे ठरवून घ्यावं. ‘खोलीत आणखी कोणी आहे का?’ हा प्रश्न हो-नाहीत उत्तर देता येईल असा विचारावा. भास होत असतील, जिवाला तातडीचा धोका असेल किंवा खाण्याचा गंभीर विकार असेल, तर प्रत्यक्षच भेटायला हवं. वजन, नाडी, रक्तदाब पडद्यावरून मोजता येत नाहीत.

उपचार अर्धवट सोडणारे सगळ्याच वयांत असतात. नैराश्यावरच्या एसएसआरआय गटाच्या गोळ्यांनी मळमळ पहिल्या आठवड्यातच सुरू होते, फरक जाणवायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात. हे आधी सांगितलं नाही तर माणूस नेमका त्या फटीत गोळ्या सोडतो. अचानक थांबवल्यास चक्कर, चिडचिड आणि डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येऊ शकतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने औषध चालू ठेवून मगच हळूहळू कमी करायचं असतं. २५ वर्षांखालच्यांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून त्यांना चिठ्ठी देतानाच आठवड्याभरातली पुढची तारीखही द्यायला हवी.