दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: तो ब्लॉक आम्ही काढणार नाही

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. तुमच्या तीन तक्रारी आहेत. सबस्टेशनमध्ये नवं बसबार प्रोटेक्शन (सगळ्या लाइन जिथे जोडतात त्या बसवर फॉल्ट झाला तर ब्रेकर उघडवणारा रिले) लागल्यापासून डिफरन्शियल करंटचा (आत-बाहेरच्या करंटमधल्या फरकाचा) अलार्म येतो नि झोन ब्लॉक होतो (बसच्या त्या भागाची ट्रिप रोखली जाते), जुना रिले कधी हूं की चूं करत नव्हता, म्हणून तो ब्लॉक काढून टाका. दुसरं, पाहिजे तेव्हा फॉल्ट रेकॉर्ड (घटनेच्या वेळचे करंट रिले साठवतो ती फाईल) सापडत नाही. आणि रिले स्वतःच स्वतःला तपासतो तर टेस्टिंगचं बिल कशाला. हे बाकीचेही वाचतात म्हणून इथेच लिहितो, थोडं लांबेल.

बसबार डिफरन्शियलचा हिशोब साधा आहे, बसमध्ये जेवढा करंट शिरला तेवढाच बाहेर पडला पाहिजे, सगळ्या बे (बसला जोडलेली एकेक लाइन किंवा ट्रान्सफॉर्मर) मिळून बेरीज शून्य. अलार्मच्या वेळचं रेकॉर्ड आमच्या इंजिनियरने तुमच्याच माणसांसमोर उघडलं होतं, त्यात एका फीडरचा (बसमधून निघणाऱ्या लाइनचा) तीन फेजपैकी वाय फेज सरळ शून्यावर, आर आणि बी मध्ये नेहमीचा लोड, आणि डिफरन्शियल करंट बरोब्बर त्या फीडरच्या लोडएवढा. एवढं दिसल्यावर रिलेवर संशय घ्यायला काही उरतच नाही, सीटीची (करंट मोजायच्या ट्रान्सफॉर्मरची) सेकंडरी, म्हणजे रिलेकडे जाणारी बाजू, ओपन आहे, आणि मार्शलिंग बॉक्समध्ये (वायरी एकत्र येतात त्या पेटीत) टर्मिनलची लिंक ढिली सापडलीच की! लोड चालू असताना सीटी सेकंडरी उघडी राहिली तर तिथे किती धोकादायक व्होल्टेज चढतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

तेव्हा बस ट्रिप झाली नाही कारण पिकअप (ज्या डिफरन्शियल करंटला ट्रिप द्यायची ती लेव्हल) सगळ्यात मोठ्या फीडरच्या लोडच्या वर ठेवलाय. सीटी सुपरव्हिजनची (सीटीच्या वायरिंगवर नजर ठेवणाऱ्या भागाची) लेव्हल मात्र मुद्दाम खाली असते, ते काही सेकंद वाट बघतं, मग अलार्म देतं आणि झोन ब्लॉक करतं. आता समजा तुम्ही म्हणता तसा ब्लॉक काढला आणि त्याच फीडरवर बाहेर लांब कुठेतरी वाय फेजचा फॉल्ट झाला, तर लोडच्या कित्येक पट करंट बसमधून जाणार, रिलेला बाकीच्या बेमधून येणारा दिसणार पण जाणारा दिसणारच नाही, म्हणजे त्याच्या लेखी फॉल्ट बसवरच, आणि अख्खी बस काळोखात. ब्लॉक फुकटचा नाही हेही खरं, तो असेपर्यंत त्या झोनमध्ये खराखुरा बस फॉल्ट झाला तर काही मिलिसेकंदांत सुटायच्या ऐवजी पलीकडच्या स्टेशनच्या झोन-२ ची (उशिरा चालणाऱ्या बॅकअप प्रोटेक्शनची) वाट बघावी लागते, साधारण ३०० ते ५०० मिलिसेकंद. म्हणूनच तो अलार्म बझर दाबून पुढच्या शिफ्टवर ढकलायचा नसतो.

आणि जुन्या रिलेचं म्हणाल तर त्या हाय इम्पीडन्स स्कीममध्येपण (बसबार प्रोटेक्शनच्या जुन्या पद्धतीत) बसवायर सुपरव्हिजन, म्हणजे सीटीच्या वायरींवर नजर, होतं. पॅनेल काढताना त्याची अलार्मची वायर सुटी करून टेप गुंडाळलेली मिळाली, मग तो बोलणार कसा?

रेकॉर्डचं थोडक्यात. मेमरी भरली की सगळ्यात जुनं रेकॉर्ड पुसलं जातं. हँडओव्हरला ट्रिगर ट्रिप, पिकअप आणि सीटी सुपरव्हिजनवर होता, नंतर कोणीतरी प्रत्येक आयसोलेटरच्या (लाइन वेगळी करायच्या स्विचच्या) स्टेटस बदलावरही लावला (इव्हेंट लॉगमध्ये सेटिंग बदलल्याची वेळ आहे), त्यामुळे प्रत्येक स्विचिंगला एक रेकॉर्ड आणि कामाचं होतं ते बाहेर. तो ट्रिगर काढा आणि रेकॉर्ड आपोआप स्टेशनच्या कॉम्प्युटरवर उतरतील असं करून घ्या.

आता टेस्टिंग. सेल्फ-मॉनिटरिंग रिलेच्या पोटातलं बघतं: ए टू डी कन्व्हर्टर, मेमरीचा चेकसम (आतला डेटा बिघडलाय का), आतला पॉवर सप्लाय, बे युनिटपासून सेंट्रल युनिटपर्यंतचं फायबर. काही बिघडलं की वॉचडॉग कॉन्टॅक्ट (रिले आजारी असल्याचं बाहेर कळवणारा) पडतो, सप्लाय गेला तरी पडतो, तसाच वायर केलाय. पण सेटिंगमध्ये चुकीचा आकडा घातला तर तो रिलेला बरोबरच वाटतो, ट्रिपची टेस्ट लिंक (टेस्टिंगसाठी ट्रिपची वायर तोडायची जोडणी) कोणी उघडी ठेवली तर त्याला पत्ता नाही, आउटपुट कॉन्टॅक्ट खरंच मिटून ब्रेकर उघडतो का हे ट्रिप देऊन बघितल्याशिवाय कळत नाही. फीडरवर लोडच नसेल तर सीटीची पोलॅरिटी (जोडणीची दिशा) उलटी असली तरी बेरीज शून्यच येते, लोड आल्यावर कळतं किंवा थेट फॉल्टला. बिल या कामाचं आहे. सेल्फ-मॉनिटरिंगमुळे दोन टेस्टिंगमधलं अंतर वाढवता येतं, ते आम्ही रिपोर्टमध्ये लिहून दिलंय.

माझ्यावर विश्वास ठेवा असं म्हणत नाही. त्या अलार्मचं रेकॉर्ड कॉमट्रेडमध्ये आहे, हा फॉरमॅट १९९१ पासून आहे, कुठल्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो. सीएफजी आणि डॅट दोन्ही फाईली तुमच्याकडे आहेत, आमच्याशी संबंध नसलेल्या कुठल्याही प्रोटेक्शन इंजिनियरला दाखवा आणि तो काय म्हणतो ते इथेच खाली लिहा.