वरून थोडंसंच सोडलंय गं!

तूप. परत तूपच.

आमच्या कॉलेजच्या व्हेगन क्लबने, म्हणजे मांस-अंडी तर नाहीच पण दूध-तूप-मधही न खाणाऱ्यांनी, फेस्टच्या स्टॉलसाठी एका काकूंना दीडशे थालीपिठांची ऑर्डर दिली होती. सोबत छापील यादी दिलेली: दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, खवा, मध, यातलं काहीही नको. तीच यादी आदल्या दिवशी फोनवर वाचून दाखवली. पलीकडून उत्तर आलं, "हो गं, कळलं. जैन ना?" जैन! अहो, जैन स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो, तूप डावाने असतं. आमच्या थालीपिठात कांदा चालणार होता, लसूण चालणार होती, नको होतं ते फक्त तूप. नेमकं तेवढंच आलं.

फेस्टचा पहिला दिवस, पुण्यातली जानेवारीची सकाळ, हवेत मरणाचा गारठा. डबे उघडले तर प्रत्येक थालीपिठाच्या मधल्या भोकात पांढरं, रवाळ, थिजलेलं तूप. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल त्या थंडीत असं थिजत नाही. डालडा थिजतो, पण त्याला हा वास नसतो. इथे झाकण निघाल्याबरोबर शेजारच्या रोबोटिक्सच्या स्टॉलवरची पोरं "वा, साजूक!" म्हणत वळून बघायला लागली. आणि आमच्या डोक्यावर बॅनर काय? 'एक घास, दुधाविना'.

काकूंना फोन केला. त्यांचा आवाज एकदम दुखावलेला. "अगं, भाजलीयेत तेलावरच. वरून थोडंसंच सोडलंय गं! कॉलेजची पोरं, दिवसभर उन्हात उभी राहणार, कोरडं कसं द्यायचं?" वर एक छोटा डबा वेगळा ठेवलेला. त्यात लोण्याचा गोळा. "ते आमच्याकडून. पैसे नको देऊस."

आता यावर भांडा! मटण खाणाऱ्याशी भांडता येतं. तो स्टॉलवर येतो, "मी सोडणार नाही" म्हणतो, दोन मुद्दे मांडतो, आपण दोन मांडतो, पत्रक घेतो, जातो. सरळ व्यवहार. पण मायेने तूप सोडणाऱ्या बाईशी कोणत्या तोंडाने भांडायचं? अख्ख्या महाराष्ट्रात व्हेगन क्लबचा खरा पराभव कुठे होत असेल तर तो खाटकाच्या दुकानात नाही, तव्यावरून ताटात पडण्याच्या त्या शेवटच्या सेकंदात होतो.

दीडशे थालीपिठांचं पुढे काय करायचं, हा वेगळाच ताप. 'व्हेगन' पाटीखाली ती ठेवता येत नाहीत. हा आपल्या तत्त्वाचा हट्ट नाही. पाटी वाचून येणाऱ्यांत दुधाची ॲलर्जी असलेली पोरंही असतात, आणि ॲलर्जीला 'थोडंसंच' कळत नाही. फेकता तर येतच नाहीत. मग पाटी काढा, 'यात तूप आहे' असं मार्करने लिहा, सिक्युरिटीच्या आणि हाउसकीपिंगच्या लोकांना नेऊन द्या. त्यांनी ती आवडीने खाल्ली. साजूक तुपाचा इतका यशस्वी प्रचार कॅम्पसवर आजवर कुणी केला नसेल, आणि तो आमच्या क्लबच्या खर्चाने झाला.

तेव्हा पुढच्या सगळ्या बॅचेसना सांगून ठेवते: बाहेरून मागवताना तव्यावर संपणारा पदार्थ मागवायचाच नाही. थालीपीठ, धिरडं, पुरणपोळी, गुळपोळी, सगळं बाद. जिथे शेवटी 'वरून' काही सोडायची सवय आहे तिथे ते सुटणारच. साबुदाण्याची खिचडी बाद, मसालेभात बाद. उकडीच्या मोदकाच्या तर उकडीतही तूप आणि वरही तूप. चिक्की ऐकायला निर्धोक वाटते, पण ती थापायच्या पाटाला काय चोपडलंय ते विचारा. तिळगुळाचे लाडू वळताना हाताला काय लावलंय तेही विचारा. त्यापेक्षा कोथिंबीरवडी, अळूवडी, दडपे पोहे, भेळ. मिसळ चालते, फक्त दह्याची वाटी मुळात आणूच नका, आणली की कुणीतरी ओततंच. आणि सगळ्यात भारी वडापाव. बेसन, बटाटा, तेल, लसणाची सुकी चटणी. पाव नेहमीच्या बेकरीचा असेल तर त्याला वरून दुधाचा किंवा बटरचा हात फिरवतात का, एवढंच विचारून घ्या. "तू जन्मभर खातोयस तो वडापाव व्हेगन आहे" हे एखाद्याला सांगा आणि त्याचं तोंड बघा. काहींचा तर वडापाववरचा विश्वासच उडतो.

"मग तुम्हीच स्टॉलवर गरम करून द्या ना!" असं सुचवणारे फार असतात. कॅम्पसवर गॅस चालत नाही, उघडी आच चालत नाही. राहिलं इंडक्शन. दोन हजार वॅटची शेगडी नऊ अँपिअरच्या आसपास ओढते, आणि फेस्टवाले हातात काय देतात? सहा अँपिअरचा एक्स्टेंशन बोर्ड, ज्यावर शेजारच्या स्टॉलचा स्पीकर आणि कुणाचे तरी तीन मोबाईल आधीच लटकलेले. तवा तापतोय न तापतोय तोच बोर्डातून जळका वास येतो किंवा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, पडतो, आणि अख्ख्या रांगेचे स्टॉल आपल्याकडे बघतात. अर्जात 'सोळा अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट' असं ठळक लिहायचं. तरी मिळत नाही, पण बोर्ड वितळल्यावर दाखवायला कागद असतो.

आणि चहा! "तुमच्या सोयाच्या चहाचं पनीर झालं" हा विनोद ज्याने पहिल्यांदा केला त्याला शोधतेय. सोयादूध फुटतं कारण त्यातली प्रथिनं आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की गोळा होतात. चहा मुळात जरासा आम्लधर्मी, त्यात आलं, आणि हल्ली फॅशन म्हणून गूळ. गूळ टाकून वर उकळी काढली की संपलंच. शंभर छोट्या कपांना आठ लिटर धरा. पाच लिटर पाण्यात पावडर, साखर, आलं उकळून गाळून घ्यायचं आणि पाच मिनिटं शांत ठेवायचं. तीन लिटर सोयादूध वेगळ्या पातेल्यात वाफ येईपर्यंत गरम करायचं, उकळायचं नाही. मग चहा दुधात ओतायचा, बारीक धारेने, ढवळत. दूध चहात नाही, चहा दुधात! चिमूटभर खायचा सोडा घातला तर आणखी सुरक्षित, चिमटीपेक्षा जास्त झाला तर साबण पिल्यासारखं लागतं. एकत्र केल्यावर पुन्हा आचेवर चढवायचं नाही. हे सगळं कागदावर लिहून पातेल्यामागे चिकटवलेलं असतं, आणि तरी कुणीतरी उत्साही फर्स्ट इयरवाला 'कडक करतो' म्हणून उकळी आणतोच. ओटचं दूध असं फुटत नाही, पण जास्त उकळलं की त्याची पेज होते. सोयादूध घरी काढायचं असेल तर भिजलेले सोयाबीन उकळत्या पाण्यातच वाटा, गार पाण्यात वाटले की तो कच्च्या शेंगेसारखा वास बसतो आणि मग विलायची, जायफळ काही घाला, जात नाही. आणि पातेलं अर्धंच भरा. फेस वर येतो तेव्हा माणसाला पळायलाही वेळ देत नाही.

आमचं एकच काम बिनबोभाट होतं, शेंगदाण्याचं ताक. पाव किलो दाणे रात्रभर भिजवून, सालं काढून, लिटरभर पाण्यात वाटून गाळायचे, उकळायचं, कोमट झालं की हिरव्या मिरचीचे पाच-सहा देठ घालून आठ-दहा तास उबेला ठेवायचं. पहिलं विरजण उग्र लागतं, ते वाटायचं नाही. त्यातले दोन चमचे घेऊन दुसरं लावायचं. हिंग, जिरं, सैंधव, कोथिंबीर घालून घुसळलं की लोक दुसरा ग्लास मागतात. मागतात, पितात, ओठ पुसतात आणि विचारतात, "पण मग दह्याशिवाय राहायचं कसं?" डोकं आपटावंसं वाटतं.

प्रश्नांचं तर बोलायलाच नको. बी-१२, प्रोटीन, 'झाडांना जीव नसतो का', 'कृष्ण लोणी खायचा', 'निर्जन बेटावर अडकलात तर'. पुण्यात दोन वेळा दूध पिणारी कितीतरी माणसं डॉक्टरांनी दिलेली बी-१२ची गोळी घेतात, पण स्टॉलवर येऊन काळजी आमच्या बी-१२ची. अरे, बी-१२ जिवाणू तयार करतात, आम्ही गोळी घेतो, तूही घेतोस, विषय संपला. कॅल्शियमवाल्याला शंभर ग्रॅम बिनपॉलिशच्या तिळात नऊशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं असं सांगावं, तर तो तिळाचा लाडू मागतो. लाडवात तूप. बसा.

"पाकिटावर हिरवा ठिपका आहे की" हा आणखी एक. हिरव्या ठिपक्यात दूध बसतं, मध बसतो. व्हेगनसाठी एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, वेगळे नियम २०२२ मध्ये आणले, हिरव्या चौकोनात 'व्ही' आणि वर छोटं रोप असं वेगळं चिन्हही आहे. ते पोस्टरवर मोठं छापलं, तर अर्ध्या लोकांना वाटलं तो आमच्या क्लबचा लोगो आहे.

पण खरा वैताग दोन टोकांच्या मंडळींचा. एक टोक येतं ते मिठी मारायला. "आम्ही तर जन्मापासून शुद्ध शाकाहारी!" आणि लगेच अंडं खाणाऱ्या रूममेटची तक्रार. गोरक्षणवाले तर थेट आपला समजून स्टॉलचा ताबा घेतात. एकाने आमच्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर गीर गाईच्या ए-टू तुपाची पत्रकं रचून ठेवली, वर दगडही आमचाच! दूध धंद्यात गोऱ्ह्याचं, रेडकाचं काय होतं हे त्यांना विचारलं की घाईघाईने लेक्चर आठवतं. दुसरं टोक लांबूनच बघतं आणि ठरवून टाकतं की हे सोवळं आहे, फक्त इंग्रजी नाव लावून आलंय. त्यांचा राग अगदीच हवेतला नाही. २०१५ चा गोवंश हत्याबंदी कायदा, आयआयटी मुंबईच्या मेसमधला 'फक्त शाकाहारी' टेबलांवरून २०२३ मध्ये झालेला वाद, हे सगळं लोकांच्या डोक्यात ताजं असतं, आणि ताटावरून जात हुंगायची सवय या राज्यात जुनी आहे. म्हणून पोस्टरवर 'शुद्ध', 'सात्त्विक', 'पवित्र' हे शब्द दिसले की तिथल्या तिथे फाडा. स्टॉल शाकाहारी मेससमोर लावू नका. कुणाच्या डब्यात डोकावू नका. दूध हाच मुद्दा ठेवा, म्हणजे निदान दोन्ही टोकं सारखीच चिडतात.

बरं, आपलीही मंडळी काही कमी नाहीत. कत्तलखान्याचा व्हिडिओ ऐन जेवणाच्या सुट्टीत, कॅन्टीनच्या दाराशी लॅपटॉपवर लावायचा, आणि लोक का पळतात म्हणून चर्चा करायची. चांदीचा वर्ख, साखर, मेंदी, गम, यात कुठे प्राण्याचं काही आलंय का, हे चालतं की नाही यावर ग्रुपवर पहाटे दोनपर्यंत वाद, आणि सकाळी साडेसातला टेबल उचलायला चार टाळकी. ग्रुपवर 'येतो' म्हणणारे तीस. तूप मात्र आम्हाला पोलिसांच्या कुत्र्यासारखं लांबून कळतं. लग्नात पंगतीत बसलो की यजमान आधी आमच्याकडे भीतीने बघतात. वरण-भात वाढणारा तुपाचं भांडं घेऊन आला की आम्ही दोन्ही हात ताटावर धरतो, तो बोटांच्या फटीतून सोडतो, आणि फोटोग्राफर नेमका तोच क्षण टिपतो.

परवानगीचं काय सांगू? अर्ज आधी विद्यार्थी विभागात, तिथून सिक्युरिटीला, तिथून कॅन्टीनच्या कंत्राटदाराची 'हरकत नाही'. आणि तो हरकत घेतो, कारण आपण ताक फुकट वाटतो. 'फुकट' शब्द अर्जात लिहायचाच नाही, 'प्रात्यक्षिक' लिहायचं. जागा मिळते ती कुल्फीवाल्याशेजारी किंवा जनरेटरमागे. पाचशे पत्रकं छापली तर गेटवर नाही, रांग असते तिथे वाटा. गेटवर घेणारा दहा पावलांवर टाकतो, मग हाउसकीपिंगच्या मावशी गठ्ठा करून आपल्याच टेबलावर आणून आपटतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. क्यूआर कोडवर चकचकीत लॅमिनेशन करू नका, उन्हात स्कॅन होत नाही.

आणि आता हिशेब. अकाउंट्सला प्रत्येक खर्चाचं जीएसटी बिल हवं. मंडईतल्या मिरचीवाल्या मावशींकडून दहा रुपयांच्या मिरच्यांचं जीएसटी बिल आणायचं! साध्या कागदावर 'दह्याच्या विरजणासाठी मिरच्या' असं लिहून दिलं तर शेरा मारून परत: 'दही व्हेगन असल्यास दही कसे? विरजणाचा पुरावा जोडावा.' देठ वाळत घातलेत. अर्जाला स्टेपल करून देणार आहोत, तीन प्रतींत.